फौजदारबाई आणि नको म्हणणारे पेशंट

नर्सांची परीक्षा घेणाऱ्या त्या इमारतीत एक किस्सा अजून चहाच्या मशीनपाशी सांगितला जातो, आणि सांगणारा बदलला की त्यात थोडी भर पडते. कुणी म्हणतं, तो माणूस पलंगावरून उठून पळत सुटला होता. कुणी म्हणतं, बाईंनी त्याचं नाक दाबलं. दोन्ही थापा. नाक दाबायची वेळच आली नाही. त्याआधीच त्याने तोंड उघडलं होतं. पण असं मधूनच सांगण्यात मजा नाही. पहिल्यापासून ऐका.

फौजदारबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आपल्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली, आणि हा किताब त्यांना तिथल्या पेशंटांनी बहाल केला. तोही पाठीमागे, अर्थात. समोर म्हणायची छाती कुणाची होती? बाईंच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की विडी ओढणारे धूर गिळून टाकत, पथ्य मोडून उशीखाली काहीबाही लपवणारे त्याच उशीवर डोकं ठेवून घोरायला लागत.

“गोळी घेतली का?”

“घेतो ना सिस्टर, जरा वेळाने.”

“जरा वेळाने म्हणजे मी रिटायर झाल्यावर? आ करा बघू!”

आणि भलामोठा मिशाळ पैलवान शाळेतल्या पोरासारखा आ करायचा. 

यात दुष्टावा काडीचा नव्हता. पलंग भरून वर जमिनीवर गाद्या, आणि एवढ्या सगळ्यांत नर्स एक, फार तर दोन. लाडीगोडी लावत बसली असती तर शेवटच्या गादीपर्यंत पोचेस्तोवर तिथला माणूस बरा तरी झाला असता, नाहीतर... जाऊ द्या. बाईंची माया रागावण्यातूनच बाहेर पडायची, आणि लोकांना ती कळायचीही. बरे होऊन घरी गेलेले कितीतरी जण पुढे मुद्दाम वाट वाकडी करून वॉर्डात यायचे, बाईंकडून एकदा रागावून घ्यायचे, मगच त्यांना चैन पडायचं.

तर अशा या फौजदारबाईंचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामात ते पटाईत, आणि स्वभावाने लिफ्टसारखेच: बटण दाबलं की निमूट वर, दाबलं की निमूट खाली. त्यांना परदेशात नोकरी लागली. ते आधी गेले, आणि फोनवर म्हणाले, “अगं, इथे नर्सांना केवढी मागणी आहे! नुसतं यायचा अवकाश.” बाईंनी सासूबाईंना बरोबर घेतलं, बिऱ्हाड उचललं आणि गेल्या.

मागणी खरंच होती. पण मागणी असणं आणि आत घेणं यांत केवढं अंतर असतं ते लग्न जमवणाऱ्यांना विचारा. त्या देशात नर्स म्हणून काम करायचं तर आधी तिथल्या नर्सिंग परिषदेत नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी आधी भाषेची परीक्षा, मग पुस्तकी, मग हातांची. पहिल्या दोन परीक्षा बाईंनी पार केल्या. भाषेच्या अभ्यासात त्या भाजी निवडतानाही स्वतःशी पुटपुटायच्या, तेव्हा सासूबाई मुलाला हळूच म्हणाल्या होत्या, “तिला काही झालंय का रे?” राहिली ती हातांची परीक्षा. तिची बाईंना मुळीच धास्ती नव्हती. हातांचं काम! हातांनीच तर आयुष्य काढलं!

तोवर पोटापाण्याला त्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागल्या. आंघोळी घालायच्या, जेवू घालायचं, चादरी बदलायच्या. कामाची लाज नव्हती हो त्यांना. पण तिथली मुख्य नर्स त्यांच्या भाचीच्या वयाची, आणि फार म्हणजे फारच गोड बोलायची. बाईंनी एकदा सवयीने रक्तदाबाचं यंत्र उचललं, तर ती धावत आली. “राहू द्या, राहू द्या. तुम्ही मदतनीस आहात ना? ते मी बघते. तुम्ही प्लीज चादरी घेता का?”

चार शिव्या घातल्या असत्या तरी बाईंना इतकं लागलं नसतं. गोडव्याने माणूस जास्त सोलवटतो. घरी येऊन त्यांनी पोळीचा उंडा असा काही थापटला की यजमान दुसऱ्या खोलीतून म्हणाले, “मी काही केलंय का?”

“मी नर्स आहे,” बाई म्हणाल्या.

“मग? मी कुठे नाही म्हणालो?”

“तुम्ही नाही. पण इथे कुणाला माहीत नाही ते.”

बस, एवढंच होतं सगळं. पगार काय, थोडा इकडे-तिकडे. ज्या नावाने माणूस सकाळी उठतो ते नाव काढून घेतल्यासारखं झालं होतं, आणि ते परत मिळवायचं होतं.

परीक्षा होती एका लांबलचक मजल्यावर. ओळीने खोल्या. घंटा वाजली की उमेदवाराने एका खोलीत शिरायचं, पुन्हा वाजली की पुढच्या. प्रत्येक खोलीत एक पलंग, कोपऱ्यात टिपणं काढणारा परीक्षक आणि पलंगावर पेशंट. पेशंट अर्थातच खोटा. ही सगळी हौशी नाटकवाली माणसं. त्यांना रोज एखादं दुखणं नेमून दिलेलं असतं आणि ती माणसं ते जीव तोडून वठवतात.

पहिल्या खोल्या बाईंनी सहज मारल्या. जखम बांधली ती अशी की खोटा पेशंट पट्टीकडे कौतुकाने बघत राहिला. मग आली गोळ्यांची खोली. पलंगावर एक निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर गावच्या रंगमंचावर त्यांनी राजे आणि सेनापती केलेले. इथे त्यांना एकच सूचना होती: गोळी नाकारायची, आणि काही झालं तरी नकार सोडायचा नाही.

बाईंनी हात धुतले, मनगटावरची पट्टी वाचली, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कशाची ॲलर्जी आहे का विचारलं. गोळी छोट्या पेल्यात काढली.

“ही तुमची रक्तदाबाची गोळी.”

“नको,” मास्तर म्हणाले.

“घ्यायला हवी तुम्ही.”

“मला नको.” आणि अभिनयाचा कळस म्हणून त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

ती मान फिरवणं नडलं. बावीस वर्षांत बाईंसमोर मान फिरवून कुणी सुटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढून तो देश गेला, परीक्षक गेला, घोकलेली भाषा गेली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाणी, आणि तोंडातून शुद्ध मराठीत निघालं, “नाटकं पुरे! आ करा बघू!”

मास्तरांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. तोंड मात्र उघडलं. गोळी आत, मागोमाग पाणी, गटकन.

“शाब्बास!” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

परीक्षकाचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. त्या केंद्रात इतक्या वर्षांत उमेदवारांनी विनवण्या केल्या होत्या, भाषणं दिली होती, एक-दोघी रडल्याही होत्या. पण सूचना असलेल्या नटाला कुणी गोळी गिळायला लावली नव्हती. गोळी साखरेची होती, त्यामुळे मास्तरांच्या प्रकृतीला धक्का बसला नाही. नट म्हणून बसला तो वेगळा.

बाई खुशीत बाहेर आल्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या यजमानांना म्हणाल्या, “एक जरा आडमुठा निघाला. पण घेतली त्याने.”

“तुझ्यापुढे कोण टिकणार!” यजमान म्हणाले, आणि दोघं आनंदाने घरी गेली.

निकाल आला. नापास. कारण एका ओळीचं: रुग्णाच्या नकाराचा मान राखला नाही. खाली आणखी एक ओळ होती. आता एकच संधी उरली आहे. त्यातही गेली तर पुन्हा नर्सिंगच्या कॉलेजात, पहिल्या वर्षापासून. बाईंची पन्नाशी उंबरठ्यावर आलेली. त्या कॉलेजात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुली त्यांना काय म्हणाल्या असत्या, आजी की काकू, एवढाच काय तो प्रश्न. घरखर्च आणि सासूबाईंची औषधं बघता तेही जमण्यातलं नव्हतं. थोडक्यात, हुकली तर जन्माची मदतनीस.

“नकाराचा मान?” बाईंचा पारा चढला. “अहो, पेशंट नको म्हणतो म्हणून तर नर्स लागते! सगळे हो म्हणत असते तर गोळ्या टेबलावर ठेवून आम्ही घरी नसतो गेलो?”

“बरोबर आहे,” यजमान म्हणाले.

“काय बरोबर आहे? नापास झाले मी!”

“तेही बरोबर आहे,” यजमान म्हणाले, आणि त्यांना अचानक एका लिफ्टची आठवण झाली.

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाईंनी पदर खोचला. नको म्हणणाऱ्या माणसापुढे हात आवरायचा सराव करायचा, तर आधी नको म्हणणारा माणूस हवा. यजमानांना सोफ्यावर निजवलं. हातात गोळी म्हणून बडीशेपेचे दोन दाणे.

“ही तुमची गोळी.”

“दे,” यजमान म्हणाले.

“अहो, नको म्हणायचंय!”

“हां हां. नको.” बाईंनी नुसतं बघितलं. “बरं, दे,” यजमान म्हणाले. “अगं, काय करू? लग्नानंतर सवयच गेली ती.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “ऊठ तू तिथून. नको म्हणायला मी आहे ना!”

आता सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. बाई त्यांना आई म्हणत, त्यांचं सगळं करत, आणि सुनेच्या आणि नर्सच्या अशा दुहेरी अधिकाराने त्यांना दिवसभर रागावत. गोळी घेतलीत का, पाय वर घेऊन बसा, इतकं मीठ नको. सासूबाईंना उलट बोलायची सोय नव्हती, कारण सून रागवायची ती त्यांच्याच भल्यासाठी. अशा म्हातारीला रोज दुपारी सोफ्यावर निजून, शाल पांघरून, सुनेला तोंडावर नको म्हणायची परवानगी मिळाली! वर ते सुनेच्या भल्यासाठी! म्हातारीच्या गालांवर रंग चढला.

“ही तुमची गोळी, आजी.”

“नको.”

“का नको, सांगाल का?”

“तुझा चेहरा आवडला नाही.”

“आई!”

“आई कोण? मी पेशंट आहे.”

कधी त्यांना गोळीचा रंग आवडायचा नाही, कधी डॉक्टरच्या कुंडलीत दोष असायचा. एकदा तर म्हणाल्या, “आमच्या सूनबाईंना विचारल्याशिवाय मी काही घेत नाही. फार कडक आहे हो ती. तुम्हाला नाही माहीत.” यजमान स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल धरून उभे होते.

बाई मात्र चिकाटीने शिकत होत्या. विचारायला त्या लवकर शिकल्या. अवघड होतं ते पुढचं. ‘का नको?’ विचारल्यावर गप्प राहायचं होतं, आणि बाईंना त्यात धाप लागायची. समोरच्याचं उत्तर यायच्या आत त्यांच्याकडे तीन उत्तरं तयार असायची आणि हात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली: विचारलं की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवायचे. 

“अशी काय उभी आहेस, पकडून आणल्यासारखी?” सासूबाई म्हणाल्या.

एके दुपारी बडीशेप संपली होती. बाईंनी सासूबाईंच्याच औषधांच्या डबीतून खरी गोळी काढली. म्हातारीच्या पायांना सूज यायची, त्यासाठी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी होती ती. रोज सकाळची.

“ही तुमची पाण्याची गोळी.”

“नको.”

“का नको, सांगाल का?”

बाईंनी हात मागे धरले. सासूबाई काही बोलेनात. आज कुंडली नाही, रंग नाही. शालीची सुटलेली दशी त्या बोटाला गुंडाळत बसल्या. फ्रिज गुरगुरला आणि थांबला. बाईंच्या जिभेवर अख्खं व्याख्यान येऊन उभं होतं. त्यांनी ते दातांखाली दाबून धरलं.

“खरं सांगू का गं?” सासूबाई म्हणाल्या. आवाज पेशंटचा नव्हता. “वाचनालयात सकाळी आमचा विणकामाचा गट बसतो ना, त्या दिवशी मी घेत नाही ही. घेतली की सारखं जावं लागतं. तिथलं बाथरूम जिना उतरून खाली. माझे हे गुडघे. एकदा पोचेपर्यंत... नको ते. ओलं दिसू नये म्हणून विणकामाची पिशवी पुढे धरून घरी आले होते मी. त्यानंतर घेतलीच नाही त्या दिवशी.”

“आणि गट किती वेळा बसतो?”

“आता जवळजवळ रोजच,” सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या. “मला त्यांचं बोलणं कळत नाही सगळं. पण त्या हसल्या की मी हसते. बरं वाटतं.”

बाईंचं तोंड उघडलं. पाय सुजतात म्हणून त्यांनी म्हातारीला किती बोल लावले होते! नसत्या संशयाने लोणच्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं घरात. मीठ तर असं कमी केलं होतं की घरात जेवण हे औषध झालं होतं. आणि कारण काय, तर जिना! उघडलेलं तोंड बाईंनी तसंच मिटलं. मग जरा वेळाने विचारलं, “मला का नाही सांगितलंत, आई?”

“तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, घेतली का. मी म्हणायचे, घेतली. तुझंही काम झालं, माझंही झालं.”

स्वयंपाकघराच्या दारात यजमान येऊन उभे राहिले होते. “म्हणजे,” ते म्हणाले, “इतके महिने माझं मीठ फुकटच गेलं?”

“तुम्हाला त्यातलं मीठच दिसलं!” बाई उसळल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं, आणि सासूबाई तर शाल तोंडात कोंबून हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाल्या, त्यात काय एवढं, बाहेर जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर घ्या, फक्त संध्याकाळ करू नका. इतकं सोपं. मीठ मात्र डॉक्टरांनी कमीच ठेवायला सांगितलं, तेव्हा यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आठवड्याभरात पायांची सूज उतरली. सासूबाई सगळ्यांना पाय दाखवत सुटल्या. 

 वृद्धाश्रमात चादरी घडी करता करता बाईंना मात्र तो जुना वॉर्ड आठवत होता. इतक्या मिशाळांनी आ केलं. त्यांतल्या किती जणांनी गोळी गालात धरून ठेवली असेल, आणि बाईंची पाठ वळल्यावर खिडकीतून भिरकावली असेल? या प्रश्नाचं उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही. पण म्हणून तिथल्या स्वतःला त्यांनी मोडीतही काढलं नाही. तिथे थांबायला वेळ कुठे होता? इथे आहे. मग इथे थांबायचं. गणित इतकं सरळ करून त्या पुन्हा कामाला लागल्या.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी यजमानांनी रजा काढली. वाटेत ते धीर द्यायला म्हणाले, “घाबरू नकोस.”

“मी घाबरलेली दिसते का?”

“नाही. मी घाबरलोय. म्हणून म्हटलं.”

त्याच ओळीने खोल्या, तीच घंटा. या वेळी नकार कुठल्या खोलीत दबा धरून बसलाय हे आधी कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे बाई प्रत्येक पेशंटकडे संशयाने बघत होत्या. एकाने नुसतं पाणी मागितलं तरी त्यांनी हात मागे बांधले. शेवटून दुसऱ्या खोलीत तो सापडला. पलंगावर एक उंच, ताठ बाई, ऑपरेशन झालेली. म्हणजे झालंय असं समजायचं. तिला पोटावर एक लहानसं इंजेक्शन द्यायचं होतं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. इंजेक्शन म्हणजे तर फौजदारबाईंचा हातखंडा. जुन्या वॉर्डात लोक म्हणायचे, सिस्टरांचा शब्द टोचतो, सुई टोचत नाही.

बाईंनी पडदा ओढला, ओळख सांगितली, सगळं विचारून घेतलं, सगळी तयारी केली.

“हे इंजेक्शन मी आता पोटावर देणार आहे. देऊ का?”

“नको,” ती बाई म्हणाली. मान फिरवली नाही. सरळ डोळ्यांत बघून म्हणाली.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. खुर्ची पलंगाजवळ ओढली. “मी इथे बसले तर चालेल?”

“बसा.”

“का नको, सांगाल का?”

आणि थांबल्या. हात मागे न्यायला खुर्चीची पाठ आडवी आली, म्हणून त्यांनी ते मांडीवर एकमेकांत गुंतवले. परीक्षकाच्या पेनाचा आवाज येत होता, मग तोही थांबला. त्या बाईला नटमंडळींच्या शिस्तीप्रमाणे सांगून ठेवलेलं होतं: कुणी विचारलं आणि ऐकायला थांबलं तरच सांगायचं. ती बाईंकडे बघत राहिली. ही आता बोलेल, ही आता समजावायला लागेल. बाई बोलल्या नाहीत. बाहेर घंटा कधी वाजेल याचा नेम नव्हता, तरी बोलल्या नाहीत.

“काल दिलं ना,” शेवटी ती बाई म्हणाली, “तेव्हा कुणी मला सांगितलंच नाही ते कशाचं. आले, टोचलं, गेले. मी काय गादी आहे?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तसं व्हायला नको होतं.” मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पडून राहिलं की पायात रक्त साकळतं, गुठळी झाली तर ती छातीकडे जाऊ शकते, इंजेक्शन त्यासाठी. नाही घेतलं तर धोका हा, घेतलं तर जिथे टोचतील तिथे थोडं काळं-निळं होईल. “आता काय वाटतं तुम्हाला?”

“आता कळलं,” ती म्हणाली. “पण आत्ता नको.”

बघा, काय वेळ आली! समोर ट्रे, ट्रेमध्ये सुई, समोर पोट, आणि आयुष्यभराचे तयार हात. बाईंच्या घशाशी ते दोन शब्द आले होते, आ करा. इथे पोटावर द्यायचं होतं तरी तेच आले. त्यांनी ते गिळले. पाण्याशिवाय.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आत्ता देत नाही. तुम्ही नको म्हणालात हे लिहून ठेवते आणि डॉक्टरांना लगेच कळवते. ते येऊन तुमच्याशी बोलतील. मध्ये मन बदललं किंवा काही विचारायचं असलं तर ही घंटी दाबा, मी येते.” उठता उठता त्यांना दिसलं, तिचे पाय उघडे पडलेत. हात पुढे झाला होता, तो त्यांनी हवेतच थांबवला. “पांघरूण वर घेऊ का?”

त्या बाईला पांघरुणाबद्दल काही सूचना नव्हती. ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, “हो. घ्या.”

परीक्षा संपवून बाई बाहेर आल्या आणि फुटपाथवरच्या बाकावर मटकन बसल्या. 

“काय झालं?” यजमानांनी विचारलं.

“पेशंटला औषध न देता बाहेर आले हो मी. जन्मात पहिल्यांदा.”

“पण मग तेच हवं होतं ना?”

“हवं होतं की नाही ते त्यांना माहीत. मला कसंतरीच होतंय. भरलेली सुई तशीच टाकली मी.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण तिने सांगितलं मला. का नको ते. सांगितलं तिने.”

यजमान बाकावर टेकले. बटण दाबलं गेलं नाही तर ते कुठेच जात नसत, आणि या वेळी त्यांनी तेच उत्तम केलं. नुसते शेजारी बसून राहिले.

निकाल आला तेव्हा बाई वृद्धाश्रमात एका आजोबांना जेवू घालत होत्या. फोन खिशात थरथरला. त्यांनी चमचा पुरा केला, आजोबांचं तोंड पुसलं, हात धुतले आणि मगच बघितलं. पास. नोंदणी मंजूर. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पुढचा चमचा भरला. आजोबांना विशेष काही कळत नसे, पण ते म्हणाले म्हणे, “आज तुम्ही उंच झाल्यात का?”

मुख्य नर्सला कळलं तेव्हा ती आली आणि नेहमीपेक्षाही गोड हसली. “अभिनंदन! आता आम्हाला चादरींना कुणीतरी शोधावं लागणार.”

“शोधा,” बाई म्हणाल्या. “आणि जी येईल तिला एकदा विचारा, आधी काय करत होती ते.” पोरगी जरा लाजली. नंतर मात्र तिने खरंच विचारलं, आणि बाईंनी जुन्या वॉर्डाच्या गोष्टी अशा काही सांगितल्या की चहा गार झाला.

घरी सासूबाईंनी फोनचा ताबा घेतला होता. सगळ्या नातेवाइकांना एकेक करून बातमी जात होती, आणि प्रत्येक फोनला बातमीत सुनेचा वाटा कमी आणि सासूचा जास्त होत होता. “अगं, माझ्यावरच शिकली ती! रोज दुपारी! मी नको म्हणायचे आणि ती शिकायची... हो ना, सोपं नाही गं नको म्हणणं, मेहनत घेतली मी!” यजमान स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने भाजी करत होते. त्या दिवशी तीत मीठ किती पडलं, याची चौकशी कुणी केली नाही.

मग आला कामाचा पहिला दिवस. मोठं रुग्णालय, लांब वॉर्ड, खिडक्यांतून स्वच्छ ऊन. निळा गणवेश, छातीवर नाव, नावाखाली ती दोन अक्षरं: नर्स. बाईंनी वॉर्डच्या दाराशी गणवेश उगाचच एकदा खाली ओढला. चपलांचा आवाज मुद्दाम जरा जास्त केला, ही सवय काही जाणारी नव्हती. पहिल्या पलंगापाशी त्या गेल्या, उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “नमस्कार. मी आज तुमची नर्स.”

वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानांना इतकं गोड लागलं की त्यांनी ते शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांनाही सांगितलं. ते गृहस्थ त्यांचे पेशंट नव्हते. ते तर दुसऱ्या कुणाला तरी भेटायला आले होते आणि दमले म्हणून पलंगाच्या कडेवर टेकले होते.

“बरं,” ते गृहस्थ म्हणाले, आणि घाईघाईने नीट बसले.